रुळांपलीकडची दोरी

तात्यांनी बत्तीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलं. गाडी आली की दांडा खाली, गेली की वर. त्यात कसली आलीय अक्कल, असं लोकांना वाटायचं. बायको मात्र म्हणायची, "एक वेळ सूर्य उशिरा उगवेल, पण ह्यांची झेंडी नाही चुकायची."

त्या झेंडीनंच घात केला. बावीस वर्षांपूर्वी बायकोच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी तिला हातगाडीवर घातलं, अकरा वर्षांची लेक उशाशी. दवाखाना पलीकडे आणि फाटक बंद. "बाबा, उघडा ना!" लेक किंचाळत होती.

"थांबा," तात्या म्हणाले. "गाडी येतेय."

गाडी आली एकोणीस मिनिटांनी. खिडकीतल्या एका पोरानं हातगाडीला टाटा केला. तात्यांनी हिरवी झेंडी दाखवली, हात जरासुद्धा हलला नाही. लेकीनं तेवढंच पाहिलं. आई गेली आणि पोरीनं बापाशी अबोला धरला तो धरलाच. पलीकडे मावशीकडे वाढली, तिथेच संसार मांडला, शिलाईचं मशीन घेतलं.

तिचं घर फाटकासमोरच. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी. तात्यांचं वर्तमानपत्र म्हणजे ती दोरी. तिच्यावर इवलेसे मोजे दिसले तेव्हा आपण आजोबा झालो हे त्यांना कळलं. सांगायला कोण येणार होतं?

आता तिथून वाऱ्याच्या वेगाची गाडी धावणार होती. एवढ्या घाईनं लोकांना जायचंय तरी कुठे, देव जाणे. जुन्या गाड्या महिन्यापूर्वीच बंद झाल्या. पोरीला एकदा पॅसेंजरनं नेलं होतं, ते तात्यांना सारखं आठवायचं. वाटेतल्या प्रत्येक फाटकवाल्याला हात करून ती विचारायची, "हेपण कुणाचे बाबा आहेत?" नव्या गाडीला फाटकच नाही. पलीकडच्या कडेनं दोन पुरुष उंच भिंत उभी राहत होती. मग जायचं तर बारा किलोमीटरवरच्या पुलावरून, आणि तात्यांचे गुडघे तर उंबऱ्यालाही भ्यायचे.

नेमकी ती दोरी चार दिवस रिकामी होती. चिमटेसुद्धा नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी भिंतीचा शेवटचा तुकडा क्रेनला लटकत आला.

"मुकादम, तासभर थांबवता का? पलीकडे जाऊन येतो."

"तात्या, क्रेन काय टांगा आहे? आणि तुमची ड्यूटी पाचपर्यंत. साहेब फाटकाची किल्ली घ्यायला येतील. शेवटच्या दिवशी नोकरीला डाग लावता की काय?"

"पोरगी आजारी असेल हो."

"नियम म्हणजे नियम. हे आम्हाला कोणी शिकवलं?"

आपलाच जोडा आपल्याच डोक्यात बसला. तात्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा काम टाकून निघाले. खडीवर दोनदा पडले. "अहो, परत कसे येणार?" मुकादम ओरडला. भिंतीच्या फटीतून ते कसेबसे पलीकडे झाले आणि मागे तो तुकडा धप्पकन बसला.

दार बंद. मशीनचा आवाज नाही. तात्यांनी कडी वाजवली, तर हात असा थरथरत होता की एका टकटकीच्या चार झाल्या.

बऱ्याच वेळानं आतून खोकला आला. "कोण?"

"मी." पुढे 'बाबा' म्हणायचा धीर होईना. "फाटकावरचा."

बसक्या आवाजात लेक म्हणाली, "थांबा."

तात्या थांबले. पाच वाजले. भिंतीपलीकडे साहेब त्यांच्या नावानं हाका मारत होते, किल्ली इथे खिशात. एकोणीस मिनिटं झाली, चाळीस झाली. दार उघडलं नाही. मधूनच आत खोकल्याची उबळ यायची आणि तात्यांच्या जिवात जीव यायचा. खोकतेय, म्हणजे आहे.