मीठ नव्हतं म्हणे

हिंगणघाटात कोणाला इलेक्ट्रिशियन हवा असला की तो पानठेल्यावर जायचा. पानठेलेवाला पानाला चुना लावता लावता सांगायचा, "तो सेलूले गेला ना, उद्या येते." उद्या तो यायचा नाही. परवा यायचा, चहा प्यायचा, घरातल्या सगळ्यांच्या तब्येती विचारायचा आणि मग पंख्याला हात लावायचा. गाव असंच चाललं होतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते माझं एकट्याचं. मी नागपूरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन आलो होतो, आणि डिप्लोमावाल्याला गाव सुधारल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

दोन हजार साल उलटून पाच-सात वर्षं झाली होती. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं, दुपारी तास न् तास लाइन जायची, आणि कॉलेजातली पोरं माझ्या इंटरनेट कॅफेत येऊन एकमेकांच्या पानांवर कायबाय लिहीत बसायची. ते बघून माझ्या डोक्यात खूळ शिरलं. शाळेपासूनचा एक मित्र होता, त्याला पानं छान मांडता यायची. त्याला धरलं आणि दोघांनी मिळून साइट उभी केली. घरी बोलावता येईल असा प्रत्येक कारागीर तिच्यावर. मोटार वाइंडिंगवाला, मांडववाला, नळवाला, आचारी. तारीख निवडा, बटण दाबा, बुकिंग झालं. प्रत्येक कारागिराचं स्वतःचं पान, त्यावर फोटो, त्याच्या ओळखीची माणसं. काम झाल्यावर ज्यानं बुकिंग केलं त्यानं आपला बुकिंग क्रमांक टाकून मत लिहायचं, आणि त्या मताखाली गावानं हवं ते बोलावं. पानठेलाच, पण साऱ्या जगाला दिसणारा, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. बटण दाबल्यावर पुढं काय व्हायचं ते मात्र सांगत नव्हतो. पुढं मी सायकल काढायचो आणि कारागिराच्या घरी निरोप द्यायला जायचो.

साइटवर पहिलं पान मी मावशीचं केलं. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या घरामागे राहायची, नवरा लवकर गेलेला, लेकरूबाळ नाही, लग्नकार्यात स्वयंपाक करून पोट भरायची. माझी आई समुद्रपूरच्या शाळेत मास्तरीण. सकाळच्या एसटीनं जायची ती संध्याकाळी उगवायची. तिसरीपासून दहावीपर्यंत माझं दुपारचं जेवण मावशीकडे. आठ वर्षं. त्याचं तिनं कधी काही घेतलं नाही आणि आईनं विचारलं तर म्हणायची, "एका पोराचं का वेगळं शिजते व माय?"

पाचशे माणसांची आलू-वांग्याची भाजी ती एका चुलाणावर करायची आणि कधी चाखायची नाही. देवाला दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही, हा तिचा नेम. मीठ ती वासावरून ओळखायची. भाजीच्या गंजावर वाकायची, डोळे मिटायची, लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "आणखी एक मूठ." ती मूठ कधी चुकली नाही. पण तीस वर्षं असं धुरावर वाकून वाकून तिची छाती गेली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सरळ सांगितलं, "चुलीचं काम बंद करा. गॅसवर करा, नाहीतर ही छाती फार दिवस साथ देणार नाही."

लग्नाच्या स्वयंपाकाला गॅस कोण देतो? पण त्याच सुमारास वर्ध्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाला मेस सांभाळायला बाई हवी असल्याचं कळलं. गॅसच्या शेगड्या, वर पंखा, राहायला खोली. मी मावशीला घेऊन गेलो. व्यवस्थापक निवृत्त मुख्याध्यापक होते, सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, "काही सर्टिफिकेट वगैरे आहे का?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, शहाणा! मी छाती फुगवून म्हणालो, "सर, सर्टिफिकेट कशाला? आमच्या साइटवर यांचं पान आहे. लोकांनीच काय लिहिलंय ते बघा ना." त्यांनी डायरीत पत्ता उतरवून घेतला. दिवाळीनंतर समिती बसेल, तेव्हा बघू म्हणाले. परत येताना मावशी एसटीत खिडकीशी बसून खुशीत होती. "पंखा हाय म्हंते रे वरतं," असं दोनदा म्हणाली.

त्या वेळी तिच्या पानावर दोन-तीन बऱ्या ओळी होत्या. मग आमच्या ओळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, एका घरच्या मुलीचं लग्न झालं. नवरीच्या भावानं हौसेनं मावशीचं बुकिंग साइटवरून केलं आणि नंतर लिहिलं, स्वयंपाक छान झाला, मावशीचे आभार. इथपर्यंत ठीक होतं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. वरपक्षानं जेवणाला नाव ठेवलं नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. पंगतीत बसायचं आणि ओरडायचं, "भाजीत मीठ नाई! बुंदी आहे का गिट्टी?" मुलीकडच्यांनी उलट टोला द्यायचा. मावशी तर पळी घेऊन पंगतीत उभी राहायची आणि म्हणायची, "मीठ तुमच्या नवरदेवाच्या गालाले लावलं, जा, चाटून घ्या." अख्खा मांडव हसायचा. तिसऱ्यांदा भाजी वाढून घेतलेला माणूसच सगळ्यात मोठ्यानं ओरडायचा. हात धुतले की विषय संपला.

तर नवरीच्या भावाच्या त्या आभाराखाली आठ दिवसांनी नवरदेवाच्या धाकट्या भावानं पुण्याहून लिहिलं: "भाजीत मीठ नव्हतं. बुंदीनं माझा दात पडला. अख्खं वऱ्हाड उपाशी निघालं आणि जाम गावच्या चौरस्त्यावर ढाब्यात जेवलं." त्याखाली त्याचा मामेभाऊ. त्याखाली त्याचे मित्र, जे लग्नाला आलेच नव्हते. मुलीकडचे काय गप्प बसतात? त्यांनीही उलट ठोकून दिलं. दोन दिवसांत पान हे एवढं लांब झालं.

आणि मला काय झालं? मला आनंद झाला! खोटं कशाला बोलू. इतके महिने मी त्या साइटवर लोकांनी बोलावं म्हणून जीव टाकत होतो, आणि आता कोठे ती बोलायला लागली होती. मी ते पान उचललं आणि साइटच्या अगदी वर लावलं, 'सध्या चर्चेत' म्हणून.

मावशी सुपारी कातरत बसली होती तेव्हा तिला सगळं वाचून दाखवलं. ती इतकी हसली की खोकल्याची ढास लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "लिव त्याले. पडलेला दात पुडीत बांधून पाठव म्हणा, बसवून देतो." मी लगेच दुकानात गेलो आणि ते तिच्या नावानं टाकलं. शब्दाला शब्द.

मित्राला मात्र ते पटलं नव्हतं. तो म्हणाला, "अबे, ते मावशीचं काढून टाक ना."

"काऊन?"

"बाहेरच्या माणसाले काय समजते, मस्करी हाय म्हून?"

"लोकाइचं मत हाय ते. आपण एक काढलं तं बाकीच्यावर कोण भरोसा करन?"

"मत नाई बे ते. मांडवातली मस्करी हाय. तिथं हसणं दिसते. इथं कुठी दिसून राह्यलं?"

मी त्याला झापला. साइट म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, मालकानं मधे का पडू नये, असं मोठं भाषण दिलं. तत्त्वाचा माणूस ना मी! त्यानं कीबोर्डवरचं प्लास्टिकचं कव्हर नीट केलं आणि घरी गेला. काढायला एक बटण होतं, ते मीच बनवलं होतं, आणि वर्ध्याच्या त्या डायरीतला पत्ता माझ्या डोक्यातून साफ गेला होता.

दिवाळी झाली. निरोप आला, येऊन भेटा. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. पहाटे उठून आलू-वांग्याची भाजी केली होती, ती स्टीलच्या डब्यात घेतली. "सायबाले चव तं पाहू दे," म्हणाली.

व्यवस्थापकांच्या टेबलावर फाइल होती. त्यांनी ती उघडून माझ्याकडे फिरवली. आमच्या साइटची पानं छापून त्यात नीट टाचलेली होती. सगळ्यात वर 'सध्या चर्चेत'. 'मीठ नव्हतं' खाली लाल पेनाची रेघ, 'उपाशी' खाली दोन रेघा. आणि मावशीच्या दाताच्या उत्तराला कोणीतरी चौकट केली होती.

"सर, ही थट्टा आहे हो," मी म्हणालो. "लग्नातली."

"मला कळतं," ते म्हणाले. "मी इथलाच आहे. पण समितीत बाहेरची माणसं आहेत. त्यांनी कागद वाचला. दीडशे मुलींच्या जेवणाचा प्रश्न आहे. आणि हे उत्तर बाईंनीच दिलंय ना? समितीला बाई उद्धट वाटल्या."

"ते मी टाइप केलं."

"नाव त्यांचं आहे," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "तुम्हीच म्हणाला होतात, लोकांनी काय लिहिलंय ते बघा."

मावशीला सगळं समजलं नाही, पण काम गेलं एवढं समजलं. तिनं डबा टेबलावर सरकवला. त्यांनी हात जोडले, निवड दुसऱ्यांची झालीय, बाई, आता नको, म्हणाले. तिनं डबा परत पिशवीत ठेवला. मी तिथेच मरून गेलो असतो तर बरं झालं असतं, हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

परतीच्या एसटीत वायगाव गेल्यावर तिनं डबा उघडला, पोळीत भाजी गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "खा. सकाळपासून उपाशी हायेस." मी खाल्लं. मीठ बरोबर होतं. ते बरोबर असणार हे मला माहीत होतं.

मग तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच माहीत करून घ्यायचं होतं तिला.

"का रे बाबू, त्या पानावर साऱ्याइनं लिवलं. तू तं आठ वर्ष जेवला माह्या हातचं. तुनं काय लिवलं होतं?"

मी काहीच लिहिलं नव्हतं. मालकानं स्वतःच्या साइटवर मत लिहू नये म्हणून.

संध्याकाळी दुकानात जाऊन ते सगळं बोलणं मी काढून टाकलं. काय उपयोग? ते वर्ध्याच्या फाइलीत टाचलेलं होतं. मग मी मावशीच्या पानावर लिहायला बसलो. चौकट उघडली आणि साइटनं सांगितलं, बुकिंग क्रमांक टाका. नियम माझाच होता. ज्यानं बोलावलं त्यानंच लिहावं. आठ वर्षं मी जेवलो होतो ते न बोलावता, पाटावर जाऊन बसत होतो. आतून हात घालून तो नियम मला मोडता आला असता. पण लिहिलं असतं तरी तारीख त्या दिवशीची, काम गेल्यानंतरचीच पडली असती. काही न लिहिता मी मशीन बंद केलं.

मावशी परत चुलाणाकडे गेली. दुसरं काय करणार होती? मी सांगायचो, नको करू, आई पोसते तुला. ती म्हणायची, "हात पाय चालून राह्यले तवर कायले?" लोक तिला बोलवत होतेच. गावानं तो कागद वाचलाच नव्हता, गावाला तिची भाजी माहीत होती. ज्याला माहीत नव्हती त्याच्याचसाठी मी साइट बनवली होती. वर्षभरानं साइट बंद पडली. मित्र त्याआधीच नागपूरला नोकरीला लागला होता. जाताना त्यानं मला एक शब्दही सुनावला नाही, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात मावशी गेली. शेवटचे दिवस ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची, आडवं झालं की श्वास अडकायचा.

तेरवी आम्हीच केली. स्वयंपाकाला बाहेरचा आचारी आणला. ओळीतली सगळी माणसं आली, तिच्या हातचं जेवलेली, तिच्या पळीसमोर ओरडलेली. पत्रावळी मांडल्या, वरण-भात आला, आलू-वांग्याची भाजी आली. भाजीत खरंच मीठ नव्हतं. अगदीच नव्हतं. मी पंगतीकडे पाहिलं. तेरवीच्या जेवणाला कोणी नाव ठेवत नाही. सगळे खाली मान घालून जेवत होते. वाढप्या माझ्यासमोर आला, भाजी देऊ का म्हणाला. मी हो म्हणालो आणि आणखी एकदा वाढून घेतली.