आधी बोध, मग कविता

सर कविता शिकवायला उभे राहिले की आधी तिचा बोध सांगायचे, कविता नंतर. बाकीचे मास्तर कविता वाचतात, अवघड शब्द फळ्यावर लिहितात आणि बोध तासाच्या शेवटी सांगतात. सरांचं उलटं का, हे त्यांनीच एकदा मला सांगितलं. झरीच्या शाळेत ते नवीन लागले तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. तास अर्धा होतो न होतो तोच कोणाची तरी आई खिडकीशी येऊन उभी राहायची आणि पोरगं दप्तर उचलून रानात जायचं. सर म्हणाले, "अर्धी इंग्रजी कविता ऐकून गेलेल्या पोराच्या हाताला काय लागतं? काहीच नाही. मग म्हटलं, जाणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. बोध आधी देऊन टाकायचा. बसतील त्यांनी कविता ऐकावी."

पुढे पोरं वेचणीला जायची थांबली, सर निवृत्तही झाले, तरी सवय राहिली. गावात त्यांना माघारी सगळे बोधसर म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हे. माझी शाळा चौथीत सुटली. आमच्या म्हशी होत्या आणि सरांच्या घरी आमच्या दुधाचा रतीब होता. सकाळी मी ओसरीवर कॅन ठेवायची आणि काकू आतून पातेलं आणीपर्यंत सर म्हणायचे, "शोभाबाई, आजचा बोध ऐका." मला चारचौघांत बोलायची लहानपणापासून भीड. मी खांबाला टेकून नुसती मान हलवायची. काकू बाहेर येत म्हणायच्या, "बायको मान हलवत न्हाई म्हणून ह्यांनी दूधवाली धरलीय."

अशा पुष्कळ कविता मी ऐकल्या. एक पवनचक्कीवाला होता. वारा पडला की तो रडत बसायचा नाही, बोथटलेल्या जात्याला टाकी लावायचा. बोध असा की काम नसेल तेव्हा हत्यार नीट करून ठेवावं. मी घरी ती सांगितली तर आमचे मालक म्हणाले, "वीज गेल्यावर गिरणीवाला सखाराम तेच करतो, त्याच्यावर कोणी कविता केली न्हाई." दुसरी दोन भावांची होती. धुऱ्यावरच्या नासपतीच्या झाडावरून ते भांडतात, शेवटी झाड तोडतात आणि दोघांच्याही पोरांना फळ मिळत नाही. गावातले दोन भाऊ बांधावरून हातघाईवर आले होते, त्यांना ओसरीवर बसवून सरांनी ही कविता सांगितली. थोरल्यानं सगळी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "सर, त्या झाडाचा सातबारा कोणाच्या नावावर होता?" काकू आत इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं ताट पडलं. सरही हसले. भाऊ मात्र कोर्टात गेले.

सर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, हे मला माझ्यावरून माहीत आहे. माझं दुसरं बाळ पोटातच गेलं तेव्हा मी अंथरुणावरून उठत नव्हते. सासू म्हणायची ऊठ, जावा म्हणायच्या ऊठ, कामाला लागलीस की विसरशील. सर काकूंना घेऊन आले आणि उंबऱ्यापाशीच बसले. एका माळ्याची कविता त्यांनी सांगितली. त्याची बायको वारते आणि तिनं लावलेला वाफा तो वर्षभर खणत नाही, गवत वाढू देतो. लोक नावं ठेवतात. सर माझ्याशी बोलले नाहीत, माझ्या सासूशी बोलले. "वहिनी, जमीन एखादं वर्ष पडीक ठेवतोच ना आपण? तिला कोणी आळशी म्हणतं का?" सासूबाईंनी त्यानंतर मला ऊठ म्हटलं नाही. मी आपली आपण उठले. तेव्हापासून सरांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास बसला. हे सांगायचं कारण असं की पुढे जे झालं, ते वाईट माणसाच्या हातून झालं नाही.

सरांना एकच मुलगी, मंगल. लहानपणी ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये इंग्रजी कविता म्हणायची. तिची आवडती म्हणजे मेंढपाळाच्या बायकोची. डोंगरावर झोपडी, नवरा मेंढ्या शोधायला गेलेला, सगळीकडे बर्फ. ती बाई हिवाळाभर चूल विझू देत नाही. शेवटी बर्फ वितळतं आणि नवरा घोंगडीत कोकरू घेऊन दारात उभा राहतो. झरीत बर्फ कोणी पाहिलेलं? सर पोरांना सांगायचे, यात्रेत गोळेवाला किसतो ते, तसं रानभर पडलंय असं समजा. मग पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि थंडी बाजूला राहायची. या कवितेचा बोध सरांना सगळ्यांत जास्त प्रिय होता. "हिवाळा कायमचा नसतो. चूल विझू द्यायची नाही."

मंगल बी.ए. झाली आणि तिला जिंतूरला दिली. जावयाचं कृषी केंद्र, माणूस निर्व्यसनी, दुकानात आलेल्या शेतकऱ्याला आधी पाणी देणारा. सगळ्यांना स्थळ आवडलं. दिवाळीच्या तोंडावर एकदा ती एकटीच एसटीनं आली, एका पिशवीत दोन साड्या घालून. मी दूध घेऊन गेले तर ओसरीवर बसलेली. मला म्हणाली, "शोभामावशी, बरी हाईस का?" आणि आपल्याच आवाजानं दचकल्यासारखी गप्प झाली.

तिचा नवरा तिच्याशी बोलत नव्हता. भांडण होऊन नव्हे, असंच. ती काही म्हणाली की तो तिच्याकडे न बघता आईला विचारायचा, "आई, घरात कोणी बोललं का?" सासू म्हणायची, न्हाई बा, मला तर काही ऐकू आलं न्हाई. आणि दोघं जेवायला लागायची. महिनोन्महिने असं चाललं होतं. माहेरी फोन करावा तर फोन त्याच्याकडे. मारलं असतं तर दाखवायला वळ तरी असता. हे ती सांगत होती आणि आम्ही ऐकणारेसुद्धा मनात म्हणत होतो की एवढंच ना. काकूंनी तिला तसं विचारलंच, "हात तर उचलत न्हाई ना?" मंगलनं नाही म्हणून मान हलवली. काकूंनी सुस्कारा सोडला, सुटल्यासारखा. तिला परत जायचं नव्हतं. इथंच राहते, शाळेत कुठं तरी शिकवते, एवढंच तिचं म्हणणं होतं.

 सर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बोध आधी सांगतो, मग ऐक." तिनं वर पाहिलं. बोध कोणता, हे तिला कळलं असणार. तरी त्यांनी तो सांगितला आणि मग सबंध कविता म्हटली, आधी इंग्रजीत, मग माझ्याकडे आणि काकूंकडे बघून मराठीत. मी दुधाचा कॅन घेऊन तिथंच उभी होते. मला कविता नेहमीसारखी चांगलीच वाटली.

मंगल शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "बाबा, तिचा नवरा बाहेर गेलेला होता. माझा घरातच असतो."

सर म्हणाले, "तू शब्दार्थ धरायलीस. भावार्थ धर."

एवढंच. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करावी तसं म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला एसटीत घेऊन स्वतः जिंतूरला सोडून आले. जावयानं त्यांना बसायला खुर्ची दिली, मंगलला त्यांच्या देखत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. सर खुशीत परत आले. मला म्हणाले, "बघा, बोलला की नाही तिच्याशी."

त्यानंतर ते अधूनमधून जिंतूरला जायचे. प्रत्येक वेळी चहा मिळायचा, जावई शेजारी बसलेला असायचा. मंगल कप ठेवून आत जायची. आधी ती दोन-तीन वाक्यं बोलायची, मग एक, मग नुसतं हं. सर येऊन म्हणायचे, संसारात रमली, कामं असतात. तिला मुलगी झाली तेव्हा ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, शोभाबाई, आलं कोकरू.  काकू त्यानंतर दोन वर्षांत गेल्या. परभणीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत त्या लेकीला सारखं बोलवा म्हणायच्या. मंगल आली ती दहाव्याला, आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत निघाली, कारण गाडी थांबली होती.

नात बोलायला लागली त्या वर्षीची गोष्ट. सर जिंतूरहून आले आणि घरी न जाता थेट आमच्या गोठ्यात आले. असे ते कधी यायचे नाहीत. शेणाच्या टोपलीशेजारी उभे राहून सांगायला लागले. मंगलनं पोरीला हाक मारली होती, ये गं, चप्पल घाल. पोरीनं आजीकडे बघून विचारलं, "आजी, कोणी बोललं का?" आणि टाळ्या पिटून हसली. तिला तो खेळ वाटत होता. आजीही हसली. मंगलनं खाली बसून चप्पल तिच्या पायात घातली.

सर म्हणाले, "मी तिला आणतो. दोघींना आणतो."

त्यांनी आतली खोली रंगवून घेतली. नवा कापूस आणून पिंजाऱ्याकडून दोन गाद्या भरून घेतल्या, एक लहान. मला म्हणाले, दूध वाढवावं लागेल, लेकरू आहे. मी आजपासूनच एक माप जास्त घालते म्हटलं. ते म्हणाले, आल्यावर. मग एका सकाळी चांगली धुतलेली पँट घालून पहिल्या एसटीनं गेले.

संध्याकाळी एकटेच उतरले. मंगलशी त्यांना दारात घडीभर एकटं बोलायला मिळालं होतं. ती म्हणाली, "हिला घेऊन येऊ देणार न्हाईत, बाबा. आन् हिला ठेवून मी येणार न्हाई. तवा आले असते." शेवटचं वाक्य सरांनी मला सांगितलं तेव्हा त्यांनी ते तिच्याच आवाजात सांगितलं, हळू, रागाशिवाय. वकिलाकडं जाऊ, असंही ते तिला म्हणाले होते. ती म्हणाली, कोर्टात काय सांगू, कोणी बोलत न्हाई म्हणून सांगू का?

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गेले तर सर पुस्तक उघडून बसलेले. मी कॅन ठेवला तरी मान वर केली नाही. मग म्हणाले, "शोभाबाई, त्या कवितेत ती बाई एक शब्द बोलत नाही. वारा बोलतो, कवी बोलतो. नवरा येतो, तोही बोलतो. तिचा एक शब्द नाही. इतकी वर्षं शिकवली. माझ्या ध्यानातच आलं नाही. मला बोध माहीत होता ना, मग मी बघतो कशाला."

मला काही तरी म्हणायचं होतं. माळ्याच्या कवितेनं मला कसं धरून ठेवलं ते सांगावं असं वाटलं. मी ते सांगितलंही, अडखळत. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या बाबतीत लागू पडलं. औषध पडतं लागू एखाद्याला." पुस्तक त्यांनी मिटलं.

त्यानंतर ते कोणाला बोध सांगत नव्हते. जुने विद्यार्थी यायचे, कोणी तहसीलमध्ये लागलेला, कोणी पुण्याला. कौतुकानं म्हणायचे, सर, एक बोध होऊन जाऊ द्या. सर इंग्रजी कविता म्हणायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि थांबायचे. पोरं वाट बघायची. मग इकडेतिकडे बघून पाया पडायची आणि निघायची. गावात बोलू लागले की सरांची तब्येत आता बरी नाही. जिंतूरला ते जात राहिले. एसटीत बसवेनासं झालं तेव्हा जाणं बंद केलं. लहान गादी भिंतीला उभी करून ठेवलेली होती, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मी जुनं लुगडं टाकलं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच, फार हाल झाले नाहीत. फोन माझ्या मुलानं जावयाला केला. ते दुपारी गाडीनं आले. मंगल माझ्याएवढी दिसत होती. तिनं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं, आवाज आला नाही. सगळे स्मशानातून परत आल्यावर जावई ओसरीवर लोकांशी फार चांगलं बोलत होता. सरांनी गावासाठी किती केलं, ते सांगत होता. मग त्यानं घड्याळ पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. पोरगी आधीच बसली होती. मोबाइल बघत होती.

मंगल उठली. मी जन्मात कोणाचा हात धरला नसेल असा तिचा धरला आणि म्हटलं, "राहा गं चार दिवस. इथं नको वाटत असंल तर माझ्याकडं राहा."

ती म्हणाली, "राहते की, मावशी. आन् चार दिवसांनी?"

 गाडीचा हॉर्न वाजला. तिनं माझा हात दुसऱ्या हातानं सोडवला, सावकाश, लुगड्यात अडकलेला काटा काढावा तसा, आणि चपला शोधायला वाकली.