आईचे जपानी दिवे

आई गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात मी नगरला सावेडीच्या फ्लॅटमध्ये तिचा पत्र्याचा डबा उघडला. आत कापसात गुंडाळलेले रंगीत काचेचे दिवे होते. पोपट, द्राक्षांचा घड, कंदील, लाल डगल्यातला म्हातारा. दर वर्षी आई ते दोऱ्याने झाडाला बांधायची, पण लावायची कधीच नाही. आम्ही भावंडं हट्ट धरायचो. "त्यांना इथली वीज चालत नाही," एवढंच म्हणायची. ते आले कुठून, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग मी भिंग घेऊन बसले. पोपटाच्या, होल्डरमध्ये बसणाऱ्या पितळी टोपीवर पुसट इंग्रजी अक्षरं दिसली: जपान. असे दिवे जमवणाऱ्यांचे फोटो इंटरनेटवर पाहत गेले. फार जुन्या दिव्यांची काच पारदर्शक असते, आणि हवा काढून घेतल्याची टोकदार खूण वर डोक्यावर असते. आमची काच दुधी, डोकं गुळगुळीत. म्हणजे नंतरचे, अमेरिकेत विकायला जपानात बनवलेले, दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे अलीकडचे किंवा पलीकडचे. पण मग ते नगरला आईच्या हाती कसे लागले?

आईबरोबर मिशनच्या दवाखान्यात नर्स असलेली मावशी आता जामखेडला लेकाकडे असते. पोपट रुमालात बांधून मी एसटीने गेले. तिने तो तळहातावर घेतला.

"ह्यो आमच्या डॉक्टरीणबाईंचा," ती म्हणाली. "अमेरिकेला परत जाताना तुझ्या आईला देऊन गेल्या. त्यांच्या लहानपनच्या घरातले दिवे हुते."

"मग ते लागायचे?"

"लागायचे म्हंजे? आपली वीज कमी करून देनारं यंत्र आनलं हुतं बाईंनी. बायकांच्या वॉर्डात माळ लावायचो. तुझी आई बाळंतिणींना एकेक रंग दाखवत खाटांमधनं नाचायची! लई हसायची तवा."

आमच्या घरातली आई कायम ड्युटीवरून दमून आलेली असायची. तिला नाचताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"यंत्र कुठंय आता?"

"बाई जायच्या आधीच जळालं ते."

"मावशी, कशी नाचायची गं?"

गुडघ्यांवर हात टेकून तिने उठून पाहिलं. जमलं नाही. मग बसल्या बसल्याच दोन्ही हात वर करून तिने मनगटं फिरवली. "अशी."

मी तिला पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं.