एक्स-रेत न दिसणारी नस

मामीच्या दंडाचा एक्स-रे कुणीही पाहिला तर चांगलंच म्हणेल. हाड सरळ, प्लेट नीट बसलेली. तिचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी तो माझ्यासमोर उजेडावर धरला आणि म्हणाले, "बघ, कसं काम झालंय!" शेजारी मामी बसली होती. तिचा उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. त्याकडे ते बघतही नव्हते.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बेळगावात हाडांच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेत होतो, तेव्हा मामी आमच्या दिग्गी गावच्या उतारावर घसरली आणि तिचा दंड मोडला. घरच्यांनी बांबूच्या कामट्या बांधून तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं. मीही तिथं पोचलो. ऑपरेशनला नेताना तिनं गळ्यात अडकवलेल्या झोळीतला उजवा तळवा उभा करून मला खुणेनं सांगितलं, थांब, घाबरू नको. म्हणजे मनगट उचलणारी नस त्या वेळी शाबूत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ऑपरेशननंतर मी बेळगावला परतलो. तिचा हात लुळा पडला आणि मामीनं कुणाला सांगितलं नाही. पदराखाली झाकून ठेवला. उलट टाके काढायला जाताना डॉक्टरांसाठी कंदांची पिशवी नेली. आमच्याकडे मोसमातले पहिले कंद असे उपकार करणाऱ्याच्या घरी जातात. डॉक्टरांनी पिशवी घेतली. हात उचलून दाखव, एवढं विचारलं नाही.

मी सुट्टीला घरी गेलो तेव्हा ती डाव्या हातानं कंद खणत होती.

"मामी, मनगट वर कर."

"न्हाई येत रे बाळा."

"कधीपासनं?"

"ऑपरेशन झाल्यापासनं. येतंय म्हणं हळूहळू. तुझा अभ्यास सोडून माझं कशाला?"

माझं बोट आवळायला सांगितलं. पकड लहान मुलासारखी. मग मी तिचं मनगट वर उचलून धरलं आणि पुन्हा आवळायला लावलं. बोट दुखलं. ती बघतच राहिली. "अगं बाई, ताकद हाय की माझ्यात!" ताकद होतीच. मनगट पडलं की मूठ वळत नाही, एवढंच.

म्हणून तिला घेऊन त्या डॉक्टरांकडे गेलो होतो. एक्स-रे खाली ठेवून ते म्हणाले, "तुम्ही लोक कामट्या घट्ट बांधता. त्यानंच नस दबली."

"सर, ऑपरेशनला नेताना मनगट वर येत होतं. आत नस दिसली होती का तुम्हाला?"

"नस शोधत बसलो तर दिवसभर एकच पेशंट होईल. हाड जुळलं ना?"

माझे कान तापले. ही नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून जाते, अगदी हाडाला चिकटून. प्लेट ठेवण्याआधी ती शोधून बाजूला घ्यायची असते. पहिल्या वर्षी आमच्या शरीररचनेच्या सरांनी मृतदेहाच्या हातावर ती काखेपासून मनगटापर्यंत आम्हाला सोडवायला लावली होती. चुकलं की दुसरा हात. तेव्हा आम्ही कुरकुरलो. आज त्या सरांचे पाय धरावेसे वाटतात. हे डॉक्टरही असंच कुठंतरी शिकून, पास होऊनच आले होते.

नस मोकळी करायला दुसरं ऑपरेशन लागणार होतं, पण मामी तयार होईना. "त्यास्नी वाईट वाटंल रे." मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "त्यांना वाटू दे! हात तुझा हाय!" मग ती बेळगावला आली.

माझ्या वरिष्ठांनी दंड उघडला. नस प्लेटच्या कडेखाली अडकून चपटी झाली होती. त्यांनी ती अलगद सोडवली. जखम उघडी धरून उभा होतो मी, आणि दात आवळून जबडा दुखायला लागला.

उशीर झाला होता. आता मनगट सरळ रेषेपर्यंत येतं, त्याच्या वर जात नाही. अंगठा उघडत नाही. पहार तिला धरवत नाही, खुरपं कसंबसं चालतं.

"बरं हाय की आता," मामी मला समजावते.

बरं नाही. मी तिला तसं म्हणू देत नाही.