सोळा कप्प्यांची दुपार

माझी धाकटी जाऊ नोकरी सोडून नऊ वर्षं घरात होती. दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, सगळं तिनं निगुतीनं केलं. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात मग तिला काम मिळालं, पण तीन महिन्यांच्या बोलीवर, तेही घरून करायचं. ती बोली आज संपत होती. एक पेटी मधूनच बंद पडते, ती का, हे शोधून दाखवलं तरच तिला ठेवणार होते.

सकाळी देवापुढे बसले तेव्हा तिच्यासाठीच मागितलं. आज शाळेला सुट्टी, मुलं बाहेर खेळायला गेलेली. दुपारी पाहते तर जेवणाच्या टेबलावर पेटीचं सर्किट, वायरींचा गुंता आणि ही डोकं धरून बसलेली.

"काय झालं गं?"

"ताई, प्रोसेसर काम करताना हातातले आकडे सोळा कप्प्यांत धरतो. त्यांना रजिस्टर म्हणतात. पेटी थांबली की डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या साधनात, ते दिसतात. पण दर वेळी हातानं कोण उतरवणार? म्हणून डीबगरलाच जोडायचा छोटा प्रोग्राम लिहिला, आपोआप टिपून घेणारा. तो मेला भलतंच टिपतोय!"

"मग ताडून बघू. डीबगरमधलं मी वाचते, तू तुझ्या प्रोग्रामचं सांग."

चष्मा लावून मी सुरू केलं.

"स्तोत्र म्हटल्यासारखा सूर नका लावू हो!"

"तू गप बस आणि बघ."

पहिला जुळेना, दुसरा जुळेना. तिसऱ्याला तिनं आकडा सांगितला आणि मी थबकले. "अगं, हा तर मी पहिल्या कप्प्यात वाचला!" पुढेही तेच. आकडे खरे होते, नुसते दोन घरं सरकलेले.

तिनं कपाळावर हात मारला. जुन्या नोकरीतल्या सवयीनं तिनं कप्पे क्रमांकानं मागितले होते, आणि या प्रोसेसरची क्रमवारी वेगळी होती. प्रत्येक कप्पा नावानं मागायचा, एवढी दुरुस्ती पाव तासात झाली.

"नऊ वर्षांत जगच दोन घरं सरकलं, ताई."

"मग गाठ की त्याला!"

चार वाजेपर्यंत टेबलावरचं सर्किट तेवीस वेळा थांबलं. तेवीसही वेळा एकाच कप्प्यात, जिथे पुढची माहिती कुठे ठेवलीय त्याचा पत्ता असायला हवा, तिथे शून्य. त्यावरून पेटीच्या प्रोग्रामच्या कुठल्या ओळीवर घोडं अडतंय ते सापडलं. तिनं सगळं वरिष्ठ बाईंना पाठवलं. मी भांडी घासायला गेले खरी, पण कान फोनकडेच.

फोन आला. ती उभ्या उभ्या "हो मॅडम, हो" करत डोळे पुसत होती. सोमवारपासून नोकरी पक्की, रोज कारखान्यात जायचं.

फोन ठेवल्यावर पहिलं काय बोलली, तर "पण ताई, मुलांची शाळा तीनला सुटते..."

"तीनला मी फाटकाशी उभी असेन," मी म्हटलं. "तू जा कामाला."