मोकाशी डॉक्टरांची हातांची भिंत

बिबट्या नुकताच उसातून बाहेर पडला होता. मी त्याच्या जबड्यात उजवा हात घालणार, समोरचं गिऱ्हाईक मिसळीचा घास तोंडाशी धरून थिजलेलं… आणि फोन वाजला. निगडीहून मोकाशी काकूंचा, डॉक्टरांच्या बायकोचा. "किसनराव, डॉक्टर गेले." एवढंच. गिऱ्हाईक विचारत राहिलं, "मग? बोटं त्यानंच खाल्ली का?" मी शटर ओढून घेतलं. माझी गोष्ट अर्धी राहिल्याचं महाळुंग्यात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

माझ्या उजव्या हाताला मधली दोन बोटं नाहीत. त्यांची हकिगत मी गिऱ्हाईक बघून सांगतो. कुणाला बिबट्या, कुणाला इंद्रायणीतली मगर. खरी हकिगत कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसची आहे, पण ती ऐकून मिसळ कुणाच्या घशाखाली उतरत नाही. माल जास्त निघावा म्हणून आमच्या खात्यात, हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर बांधून ठेवलेला असायचा. माझा हात आत असताना ती खाली आली. सोबत्यानं मला मोटारसायकलवर घालून मोकाशी डॉक्टरांकडे आणलं आणि बोटं आणली जेवणाच्या डब्यात, मशीन पुसायच्या तेलकट वेस्टच्या बोळ्यात गुंडाळून. डॉक्टरांचा आवाज असा की त्यांनी महाळुंग्यात शिवी हासडली तर निघोज्यात म्हशी पान्हा चोरायच्या. दोन खोल्यांचा तो दवाखाना खरं तर तापा-खोकल्याचा, पण भोवती कारखाने उगवले तसा तो हातांचा होऊन बसला होता. कुणी तुटलेलं बोट बर्फात आणायचं, कुणी दुधात, एकानं तर मशीन थंड ठेवायच्या कुलंटमध्ये बुडवून आणलं होतं. डॉक्टर सगळ्यांवर खेकसायचे, रक्त थांबवायचे आणि पिंपरीला मोठ्या दवाखान्यात धाडायचे. माझा डबा त्यांनी उघडला, चिमट्यानं वेस्ट बाजूला केलं… आणि ओरडलेच नाहीत. "पोरा, हे जुळायचं नाही. चुरा झालाय." हळू बोलले. मी घाबरलो तो तेव्हा.

म्हातारपणी दवाखाना बंद करून ते काकूंबरोबर निगडीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि रंग घेऊन बसले. पहिलं आंब्याचं झाड काढलं, ते हुबेहूब सुजलेल्या टॉन्सिलसारखं दिसत होतं. दुसऱ्या झाडालाही टॉन्सिलच आले. मग त्यांनी झाडांचा नाद सोडला आणि जुन्या पेशंटांना बोलावून हात काढायला सुरुवात केली. चेहरा नाही, नाव नाही, राखाडी भिंतीपुढे नुसता हात. कुणाचा अंगठा नाही, कुणाचा पंजाच नाही. हॉलची एक भिंत त्या हातांनी भरून गेली. "पाहुणे पोह्यांची बशी तशीच खाली ठेवतात हो," काकू म्हणायच्या.

मलाही बोलावलं. मी गेलो तो मनात एक बेत ठेवून. माझी सायली अपघातानंतर जन्मली. बापाचा हात तिनं कधी पुरा पाहिलेलाच नाही. लहानपणी माझं चित्र काढायची ते तीन बोटांचं, आणि पुढं तर गावातल्या समद्या बापांना तीनच बोटं काढू लागली. घरात एक तरी पुरा हात असावा, एवढंच माझं मागणं.

"डॉक्टर, दोन बोटं घाला की. रंग काय कमी पडलाय का?"

"किसन्या, गप बस. हात हलतोय तुझा."

"कंपनीनं कापली ती कापली. तुमी तरी नका कापू."

त्यांचा ब्रश हवेतच थांबला. मग त्यांनी तो टर्पेंटाइनच्या बरणीत सोडला आणि चहा मागवला. पुढं जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा एकच उत्तर, "अजून झालं नाही." चित्र मात्र दाखवायचे नाहीत.

एक दिवस हात काढता काढता त्यांनी स्वतःचा हात पिवळ्या ट्यूबशेजारी धरून पाहिला. काकूंना हाक मारली, "हा रंग ट्यूबमधला नाही गं." कावीळ म्हणता म्हणता आत कॅन्सर निघाला. डॉक्टरनं आपला आजार असा ओळखावा… माझ्यासारख्या थापाड्यालासुद्धा हे सुचलं नसतं. शेवटचा भेटलो तेव्हा निघोज्याच्या म्हशी घाबरवणारा तो आवाज उशीपर्यंतही पोचत नव्हता. माझा तोडका हात त्यांनी धरून ठेवला होता. "काकूंकडून घेऊन जा तुझं," म्हणाले. "रागावशील."

मी रागावलोच. परवा सायलीला घेऊन निगडीला गेलो. काकूंनी चित्र हातात दिलं. नखात अडकलेलं ग्रीससुद्धा होतं, पण बोटं तीनच. मधे राखाडी भिंत. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी ते सायलीकडे दिलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, इथं काहीतरी लागतंय."

मी तिथं अंगठा फिरवला. राखाडी रंगाखाली उंचवटे होते. दोन. पेरं लागली, वरती नखंही लागली.

काकू म्हणाल्या, "कितीदा काढली आणि कितीदा झाकली, मोजदाद नाही. म्हणायचे, त्याची खरी बोटं मी डब्यात पाहिलीत, ही त्याची वाटत नाहीत."

चित्र आता हॉटेलात गल्ल्याच्या वर टांगलंय. बिबट्या परत उसात गेलाय. त्याला आता मी बाहेर काढत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "मालक, बोटं कुठं गेली?"

"आधी तर्रीचा हात पुसा राव," मी सांगतो, "आणि इथं लावून बघा."