पट्टीवरची सही

"तोंड नको, पाय पुढं करा," असं म्हणतच नर्सबाई आमच्या घरात शिरायच्या. समोर सांगलीच्या बाजारातला नावाजलेला हळदीचा अडत्या बसलाय, याचं त्यांना काडीचं कौतुक नसायचं. आणि कौतुकाची चटक लागलेले आमचे अण्णा मुकाट्यानं धोतर वर घेऊन पाय स्टुलावर ठेवायचे. असा मुकाटपणा त्यांनी दुसऱ्या कुणासमोर कधी दाखवला नाही.

बाई मूळच्या वडूजकडच्या. साताऱ्याला सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर सांगलीत आमच्या मागच्या गल्लीत धाकट्या भावाकडे राहायला आल्या. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. गल्लीला फुकटची नर्स मिळाली. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, तेव्हा आमची गल्ली कशी वागली हे वेगळं सांगायला नको. इंजेक्शन असो, टाके काढायचे असोत, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची पाठ पुसायची असो, बाईंना हाक मारा. बारशाला आणि हळदीकुंकवाला मात्र त्यांची आठवण कुणालाच व्हायची नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'सुईवाली' म्हणत. हा शब्द आमच्या अण्णांनीच काढलेला.

अण्णांना मधुमेह होता. चपलेचा खिळा अंगठ्याशेजारी लागला तो त्यांना कळलाही नाही, आणि पंधरा दिवसांत तिथं लिंबाएवढी जखम झाली. अण्णांनी तिच्यात हळद भरली. साधी नव्हे, निवडून काढलेली राजापुरी. हळकुंड कटकन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि भाव बोलायचा, यापलीकडे या माणसाला जगातलं काही येत नव्हतं. पण हळदीनं काय काय बरं होतं यावर ते तासभर बोलू शकत. मिरजेच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि सांगितलं, हे असंच वर सरकलं तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. घरी आल्यावर आई रडत बसली आणि मी सुईवालीला बोलवायला गेलो.

बाईंनी आधी जखमेचा वास घेतला. "ही हळद किती दिवस भरताय?"

"शुद्ध आहे सिस्टर. घरचा माल आहे."

"शुद्ध आसंल की. कढीत घाला. जखमेला फोडणी द्यायची न्हाई."

मग त्या स्वतः मिरजेला जाऊन डॉक्टरांशी बोलून आल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ यायला लागल्या. चिमटे आणि कात्री स्टीलच्या डब्यात घालून आमच्याच स्टोव्हवर उकळायच्या. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. आईनं मधेच चहासाठी स्टोव्ह मागितला तर म्हणायच्या, "चहानं कुणाचा पाय वाचलाय का, वैनी?"

चौथ्या दिवशी पट्टी सोडली तर आत पुन्हा पिवळं. बाईंची पाठ वळली की अण्णा आईकडून पट्टी सोडवून हळद भरून घेत होते. मला ते ठाऊक होतं. मी गप्प होतो. गप्प बसण्याला आमच्या घरात संस्कार म्हणत.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी जखम धुतली, नवी पट्टी बांधली आणि चिकटपट्टीच्या जोडावर बॉलपेननं तारीख, वेळ आणि खाली सही केली.

"आता सोडा बघू. सही मोडली की मला कळतंय. मग मी यायची न्हाई. पाय तुमचा हाय शेठ, माझा न्हाई."

आणि गंमत बघा. डॉक्टरांना न जुमानणारा माणूस त्या सहीला भ्याला. दुसऱ्याच्या पोत्यावरचं सील तोडायचं नाही, एवढा एकच धर्म अण्णांनी आयुष्यभर पाळला होता. पट्टीखाली खाज सुटली तरी ते हात लावत नसत. साडेचार महिने रोज दोन सह्या झाल्या. जखम तळापासून भरत आली. पाय राहिला, अंगठासुद्धा राहिला. शेवटची पट्टी काढल्यावर बाईंनी नव्या कातडीवरून बोट फिरवलं आणि त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच बघितलं. त्यांच्या पाया पडावं असं मला फार वाटलं. पडलो नाही, कारण अण्णा बघत होते.

पुढच्या वर्षी अण्णांची एकसष्टी झाली. मंगल कार्यालय, अडत्यांची गर्दी, आणि मधुमेह्याच्या एकसष्टीला जेवणात जिलेबी. अण्णांनी माइक हातात घेऊन सांगितलं की डॉक्टरांनी हात टेकले होते, पण हा पाय सांगलीच्या हळदीनं वाचवला. टाळ्या पडल्या. ज्यांनी हात टेकले म्हणून सांगितलं त्याच डॉक्टरांना लगेच शाल दिली. आईनं आणलेली दुसरी शाल माझ्या हातात होती आणि बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. ती शाल मग एका पुढाऱ्याच्या खांद्यावर गेली. त्यानं अण्णांचा पाय कधी बघितलासुद्धा नव्हता.

बाई जेवल्या आणि निघताना अण्णांच्या खुर्चीपाशी थांबल्या. "नवी चप्पल दिसतीय. पाय पुढं करा."

"सिस्टर, आजच्या दिवस राहू द्या."

"तोंड नको."

भर कार्यालयात त्या खाली बसल्या. चप्पल काढून त्यांनी बोटांमधली एकेक जागा तपासली. पंगतीतली माणसं घास हातात धरून बघत होती. "टाच भेगाळलीय. खोबरेल लावा. हळद न्हाई," एवढं बोलून त्या गेल्या.

अण्णा लालबुंद झाले. सुईवालीनं चारचौघांत चप्पल काढली, हे त्यांनी मरेपर्यंत मनात ठेवलं. साडेचार महिने मात्र ते साफ विसरले. बाईंना पुन्हा आमच्या घरी बोलावलं गेलं नाही, आणि त्यांनाही कसली गरज नव्हती.

पुढं भावाकडे जमेना तशा बाई साताऱ्याला भाचीकडे राहायला गेल्या. तीनेक वर्षांनी एका सकाळी त्या भाचीचा फोन आला.

"मावशी पहाटं गेली. दुपारी न्यायचं हाय. तुमचा नंबर तिच्या वहीत व्हता म्हणून कळवलं. सांगलीचं कोण भेटलं की ती इचारायची, शेठचा पाय बरा हाय न्हवं?"

मी अण्णांना निरोप सांगितला. ते म्हणाले, "सातारा लांब आहे. आणि आज माझा पाय दुखतोय." असं म्हणून त्यांनी पाय स्टुलावर ठेवला.

मी खाली बसलो आणि बाई बघायच्या तसा तो पाय बघितला. बोटांच्या मधे, टाचेला, अंगठ्याशेजारी. जखमेची जागा गुळगुळीत होती. पायाला काहीही झालेलं नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं. निदान स्टँडवर जाऊन साताऱ्याची एसटी तरी धरायला हवी होती.

त्या दिवशी हळदीचे सौदे होते. अकरा वाजता अण्णा चपला घालून चालत दुकानात गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो.